साडेपाच फूट

"आधी चपला काढ," नवरा म्हणाला. "डेक पांढरं आहे."

तिनं काढल्या. हातात धरून ती मोठ्या होडीवर चढली.

धक्क्याला दोन होड्या बांधल्या होत्या. एक तिची, बारा फुटांची. एक शीड, बसायला एक फळी, बस्स. दुसरी चौतीस फुटांची, शिडाचीच, पण पोटात अख्खं घर घेतलेली. विकणारा आज बारा वाजता भर भरतीत ती इथे बांधून गेला होता. आता अडीच झाले होते आणि नवरा अजून हवेत होता.

त्यानं खिशातून कागद काढला. माणसानं आयुष्यभर कचेरीत तुलनातक्ते केले. घरातला मिक्सरसुद्धा तक्ता करून आला. मग होडी कशी सुटेल?

"ऐक. लांबी: तुझी बारा, हिची चौतीस. झोपायची सोय: शून्य, सहा. संडास: नाही, आहे. पाण्याखाली बुडाची खोली: एक फूट, साडेपाच फूट. बघितलंस? एका तरी रकान्यात तुझी पुढे आहे का?"

तिनं कठड्यावरून खाली आपल्या होडीकडे पाहिलं.

"आणि हे खास तुझ्यासाठी." त्यानं खालचं दार उघडलं. स्टीलचा ओटा, दोन शेगड्या, मांडणीत कप ओळीनं लावलेले. "सहा माणसांचा स्वयंपाक आरामात. दादा-वहिनी येतील, ताई-भावजी येतील. दर रविवारी!"

दर रविवारी. सहा दिवस वॉर्डात "सिस्टर, सिस्टर", घरी आलं की "अगं, ऐकलंस का". रविवारी दुपारी दोन तास ती एकटी खाडीत जायची. मोबाईल मुद्दाम घरी विसरायची. पंधरा वर्षांत तिनं स्वतःसाठी मागून घेतलेलं एवढंच.

"आणि माझी होडी?"

"दिली."

"कोणाला?"

"साहेबांच्या मेव्हण्याला. चारला येतोय न्यायला. असं काय बघतेस? धक्क्याला जागा एकीचीच आहे."

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? लहान देऊन मोठी घेतली. उलटं केलं असतं तर विचारलं असतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या होडीचं शीड तिनं स्वतः शिवलं होतं, बोटं रक्ताळेपर्यंत.

"ती मी एकटी चालवते," ती म्हणाली. "हिला निदान दोन माणसं लागतात."

"मग मी आहे ना!"

पँट भिजेल म्हणून पंधरा वर्षांत ज्यानं लहान होडीत पाय ठेवला नाही, तो हे म्हणत होता. तिनं रागानं तोंड फिरवलं आणि तिची नजर धक्क्याच्या खांबावर गेली. खांबावरची ओली खूण पाण्याच्या दोन फूट वर दिसत होती. ओहोटी लागली होती.

तिनं त्याच्या हातातून कागद ओढला. बुडाची खोली, साडेपाच फूट.

"इथे पाणी किती आहे?"

"आठ फूट," तो छाती काढून म्हणाला. "बाराला बांबू घालून मी स्वतः मोजलंय."

हॉलची भिंत मोजावी तसं यानं पाणी मोजलं होतं. एकदाच! आत्ता दोर सोडून होडी खाडीच्या मध्यावर नेली तर अजून वेळ होता. वाक्य तिच्या ओठांवर आलंही.

"अहो, ही इथून..."

"हे बघ, आता पाण्यातलं तू मला शिकवू नकोस," तो म्हणाला. "हे काही तुझं खेळणं नाही. जा, शेगडी पेटते का बघ. चहा टाक. तो मेव्हणा येईल, त्यालाही लागेल."

तिनं वाक्य गिळलं. कागदाची नीट घडी केली, त्याच्या खिशात ठेवली आणि चपला घेऊन कठड्यावरून आपल्या होडीत उतरली.

"अगं, कुठे निघालीस? तो चारला येतोय ना!"

तिनं दोर सोडला, शीड चढवलं. वाऱ्यानं ते फुगलं तशी तिला कितीतरी वेळानं धड श्वास घेता आला. राग मात्र उतरला नाही. पलीकडच्या काठापर्यंत ती मनातल्या मनात भांडत गेली, परतताना मोठ्यानं. उथळ पाणी लागलं तेव्हा तिनं होडीच्या बुडातून खाली सोडलेली फळी वर ओढून घेतली आणि चिखलावरच्या वीतभर पाण्यातून सरळ पुढे आली.

चारच्या सुमाराला धक्का दिसला. मोठी होडी गाळात बूड रुतवून धक्क्याच्या उलट कुशीवर कलली होती. आत कप एकामागोमाग एक फुटत होते. नवरा डोलकाठीला मिठी मारून उभा होता, पायात बूट. धक्क्यावर साहेबांचा मेव्हणा आ वासून बघत होता.

"अगं, बुडतेय ही!" नवरा ओरडला. "काहीतरी कर!"

"बुडायला पाणी लागतं," ती म्हणाली.

मेव्हण्यानं तिच्या होडीकडे बोट केलं. "बाई, ती मला दिलीय."

"ज्यांनी दिली त्यांच्याकडून घ्या. ते काय, तिथे उभे आहेत."

तिनं शीड वळवलं.

"अगं, पण मी उतरू कसा?"

"पाणी रात्री दहाला येईल," ती मागे न बघता म्हणाली. "तोवर चहा टाका. ओटा आहे ना!"