अस्वलआजोबांचा आवाज

पडद्यावर अस्वलआजोबा डोळे चोळत गुहेबाहेर आले आणि म्हणाले, ‘‘कोणी उठवलं रे मला?’’ सहाव्या रांगेत बसलेला तो दचकून पुढे सरकला. हा आवाज त्याचा नव्हता.

आवाज देणं हा तर त्याचा धंदा. आजवर तो जाहिरातींच्या शेवटच्या सूचना भरभर वाचत आला होता, ज्या कोणीही ऐकत नाही. अस्वलआजोबा ही त्याला मिळालेली पहिली भूमिका. स्टुडिओत त्याने त्यांना जाडाभरडा, झोपाळू आवाज दिला होता. इथे भलताच कुणीतरी नाकातून किरकिरत होता. त्याला न कळवता सगळं दुसऱ्याकडून नव्याने करून घेतलं होतं. आणि आपला हा पठ्ठ्या अख्खा गोतावळा घेऊन सिनेमाला आला होता! आई, बायको, मुलगी, बहीण, बहिणीची दोन पोरं.

‘‘हाच! हा माझ्या मुलाचा आवाज!’’ आईने शेजारच्या अनोळखी बाईंना कोपराने ढोसलं. ‘‘नाकात बोलायची सवय लहानपणापासूनची. सर्दी हटायचीच नाही मेली.’’

बाई वाकून कौतुकाने त्याच्याकडे बघू लागल्या. आता सांगून टाकायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

सिनेमा सगळीकडे गाजत होता. थिएटर आधी खदखदून हसलं, मग डोळे पुसायला लागलं. त्याला ना हसू आलं, ना रडू. अस्वल दिसलं रे दिसलं की आई त्याच्या मांडीवर थाप मारायची आणि अंधारात शरमेने त्याचे कान तापायचे. बायको तेवढी त्याच्याकडे बघत नव्हती. घरी आरशासमोर चाललेली त्याची तालीम तिने रोज ऐकली होती.

बाहेर पायऱ्यांवर भाचरं आणि त्या बाईंची नातवंडं त्याला चिकटली. ‘‘काढा ना अस्वलआजोबांचा आवाज!’’

‘‘काढ की,’’ आई म्हणाली. ‘‘आढेवेढे कसले घेतोस?’’

बायको हळूच म्हणाली, ‘‘तुझा काढ. घरी काढायचास तो.’’

त्याने घसा साफ केला. जाडाभरडा आवाज अगदी ओठांपर्यंत आला. पोरं त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि आई त्या पोरांहून जास्त. त्याने नाक चिमटीत धरलं आणि किरकिरला, ‘‘कोणी उठवलं रे मला?’’

पोरांनी उड्या मारल्या. ‘‘अगदी सेम!’’

‘‘बघा,’’ आई त्या बाईंना म्हणाली. ‘‘आईला कळत नाही होय पोराचा आवाज?’’

बायको मुलीचा हात धरून पायऱ्या उतरायला लागली.

‘‘परत! परत!’’ पोरं ओरडली.

त्याने परत काढला. या वेळी तो जास्तच हुबेहूब जमला.