दुपारची पिशवी

नवऱ्याचं डायलिसिस घरीच, पोटातल्या नळीतून चालायचं. पंखा बंद करून, दार लावून, तोंडाला मास्क बांधून ती दिवसातून चारदा नळीला जोडलेली पाण्याची पिशवी बदलायची. तरी जंतूंच्या धास्तीनं तो दर वेळी विचारायचाच, “हात धुतलेस?”

“धुतले हो. आता सालटं निघायची तेवढी राहिलीत.”

मग एके दिवशी पिशवीत गढूळ पाणी उतरलं. ताप चढला आणि आठवडाभरात सगळं आटोपलं.

महिन्यानं ती त्याच्या खोलीतल्या उरलेल्या पिशव्या आवरायला गेली. दार लोटलं गेलं. फिरता पंखा आपसूक थांबला.

“हात धुतलेस?”

“नाही.”

“त्या दुपारीही असंच खरं सांगायचंस ना,” रिकाम्या कॉटवरून तो हळूच म्हणाला. “दोन मिनिटं थांबलो असतो मी.”