तो दार का उघडत नाही?

मेलेली बायको दारावर टकटक करते आणि नवरा अलीकडे बसून रडतो, अशी ती जुनी कविता. शाळेत ताईला ती थापेबाजी वाटली होती. शिक्षिका झाल्यावर तीच शिकवायला तिला सर्वांत आवडायची. धाकट्या बहिणीने एकदा फोनवर विचारलं, "ताई, तो दार का उघडत नाही गं?" ताईने वर्गातलंच उत्तर दिलं, "अगं वेडे, दार म्हणजे मृत्यू!" धाकटीने फोन ठेवला. आज धाकटीच्या घरी, तिच्याच शोकसभेत, मेहुण्याने तीच कविता म्हटली. सगळ्यांनी डोळे टिपले. ताईच्या मनात पाल चुकचुकली. ती उठून धाकटीच्या खोलीकडे गेली. कडी बाहेरून होती, वापरून गुळगुळीत झालेली. आतून दाराचा रंग मुठीएवढ्या जागेत उडाला होता. कवितेतली बायको मुळी मेलेलीच नव्हती. "काय बघताय, ताई?" मागून मेहुण्याने विचारलं. ताईने वळून विचारलं, "तुम्ही दार का उघडत नव्हता?"