हुबेहूब

लांब देठाच्या काचेच्या ग्लासांत आता टूथब्रश उभे असतात.

दाढीनंतर चोळायचं निळं पाणी बाथरूमच्या फळीवरून गेलं. ते कुठे गेलं, हे घरात कुणी विचारलं नाही.

खोकल्याचं औषध घेताना धाकटी सून औषधवाल्याला बाटलीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावते. मागे रांग खोळंबली तरी.

डगमगत्या टेबलाच्या पायाखाली बुचाची चकती. घरातलं शेवटचं बूच.

आणि दाराबाहेर, चपलांच्या मांडणीवर, थोरल्या दिरांचे बूट आणि जाऊबाईंच्या सँडल यांच्या मधोमध, पांढऱ्या वाइनची सीलबंद बाटली.

ती जाऊबाईंनी आणली होती, माशाच्या सॉससाठी. आज थोरल्यांचा वाढदिवस, आणि वाइनमध्ये शिजवलेला मासा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. धाकटीने बाटली दारातच त्यांच्या हातातून घेतली, चपलांत ठेवली आणि दार लावलं.

"अगं, चपलांत काय ठेवतेस! तान्ह्या बाळासारखी सांभाळून आणली मी."

"जाताना सँडल घालायला वाकाल ना वहिनी, तेव्हा दिसेल. विसरायला नको."

जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. हार मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"अर्धा कप तर लागते. उकळली की त्यातलं सगळं उडून जातं. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"उडून जाणार कुठे? याच घरात ना?"

"तो काय कुक्कुलं बाळ आहे? गेल्या उन्हाळ्यापासून थेंबाला शिवला नाही माझा दीर. आणि तू अशी डोळ्यांत तेल घालून बसतेस. त्याला वाटेल, बायकोचाच विश्वास नाही."

हे मात्र धाकटीला लागलं. तिने तोंडातलं उत्तर गिळलं आणि खोलगट तवा चढवला. बाटलीवाचून काय होतं ते आता ओट्यावरच दाखवायचं. आठवडाभर नवरा कामावर गेला की ती हेच करून बघत होती.

लोण्यात बारीक कांदा. तो काचेसारखा झाल्यावर हिरव्या द्राक्षांचा गाळलेला रस, त्यात पाणी घालून मवाळ केलेलं व्हिनेगर. माशाच्या काट्यांचं उकळलेलं पाणी. आच मोठी. रस निम्म्यावर आला तशी वाफ ओट्यावरून उठली आणि घरभर गेली.

जाऊबाईंनी चमचा बुडवला. चाटला. डोळे मिटले.

"अगं बया! हुबेहूब! खरं सांग, कपाटात लपवून ठेवलेली नाहीस ना?"

धाकटी हसली. घरात बाटली नाही आणि जाऊबाईंच्या तोंडाला कुलूप. आणखी काय हवं?

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा दादाला ऑफिसातल्या गळक्या नळाची गोष्ट सांगत होता. साहेबांच्या खुर्चीखाली पाणी पोचलं होतं, दादा खो खो हसत होता. गोष्ट मध्येच तुटली.

मग तो स्वयंपाकघराच्या दारात दिसला. एक हात चौकटीवर. त्याने बायकोकडे पाहिलं नाही, वहिनीकडेही नाही. तव्याकडे पाहत होता.

"कसला वास येतोय?"

"द्राक्षं," धाकटी म्हणाली. "नुसती द्राक्षं आहेत."

"बरं," तो म्हणाला. पण हलला नाही. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

धाकटीने फडक्याने तवा धरला, उचलला आणि सिंकमध्ये पालथा केला. नळ पूर्ण सोडला. खिडकी उघडली, दुसरीही उघडली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? एवढी जमलेली चव!"

"जमली, म्हणूनच."

"कमाल आहे! वाइनच्या जागी घालायचं ते असं हवं, की खाणाऱ्याला फरक कळू नये. नाहीतर खटाटोप कशाला?"

"कळू दे फरक. पहिल्या घासालाच कळू दे."

"आणि यांचा वाढदिवस?"

"वाढदिवस आहे, जेवायला आहे, माणसं आहेत. वहिनी, जरा सरका, मला सुरी घेऊ द्या."

तिने टोपलीत हात घातला. लिंबं हाताला लागली, तिला वाटली होती त्याहून पुष्कळ. तिने एक चिरलं. वास सरळ नाकात गेला, झणझणीत, कशाचंही सोंग न घेणारा. नवरा अजून चौकटीतच होता. तिने दुसरं चिरलं. तिसऱ्याला तो वळून बाहेर गेला, आणि नळाची गोष्ट तुटली होती तिथून पुढे सुरू झाली.

लोणी, लिंबू, काट्यांचं पाणी, मीठ. मिरपूड जरा जास्त पडली. तिने ती तशीच राहू दिली.

टेबलावर थोरल्यांनी पहिला घास घेतला आणि एक डोळा बारीक केला.

"आंबट आहे गं. ती पूर्वीची मजा नाही यात."

जाऊबाईंनी धाकटीकडे बघितलं: घे, ऐक आता. धाकटीने मान ताठ केली, तोंड उघडलं. तेवढ्यात नवराच बोलला.

"नाहीच, दादा. पूर्वीची मजा आता या घरात मिळायची नाही."

आणि आपली प्लेट बायकोपुढे धरली. "वाढ अजून. रस जास्त घाल."

लिंबं सकाळी त्यानेच आणली होती, कुणी न सांगता.