गादीखालचा लिफाफा

उपग्रहानं टिपलेल्या ताऱ्यांच्या क्ष-किरणांवर संशोधन करणारी मुस्कान ईदला बेंगळुरूहून मंगळवार पेठेतल्या घरी आली. अब्बांचा खोकला काही थांबत नव्हता.

"छातीचा एक्स-रे काढलाय," म्हणत त्यांनी गादीखालचा लिफाफा तिच्या हातात दिला. "बघ बरं, काय हाय त्यात."

तिनं फिल्म खिडकीकडं धरली. उजवीकडं पांढरा डाग होता. तिनं तो ओढणीनं पुसून पाहिला. गेला नाही. कोपऱ्यात तारीख होती, आठ महिन्यांपूर्वीची.

"अब्बा, डॉक्टरांना दाखवला नाही?"

"त्यास्नी कशाला दावू?" अब्बा अभिमानानं हसले. "एवढ्या लांबच्या ताऱ्यांचं एक्स-रे वाचणारी पोरगी हाय माझी. तू यायचीच वाट बघत हुतो की."