मांजर्लीतला नातू

"नातू कुणावर गेलाय?" नूतनने पुढचा प्रश्न विचारला.

"बापावर," गंगूबाई म्हणाल्या.

नूतन मानसशास्त्राची प्राध्यापक. नातवंडांना वाढवणाऱ्या आजी-आजोबांवर तिचं संशोधन चाललं होतं. उल्हासनगर, अंबरनाथ करत ती बदलापुरात मांजर्लीपर्यंत पोचली होती. इतक्या घरांची दुःखं ऐकून तिचं मन पार बधिर झालं होतं. हल्ली समोर कुणी रडलं, तरी ती नुसती टेप थांबवायची.

गंगूबाई तर रडतही नव्हत्या. पुरात मुलगा आणि सून वाहून गेली, हे त्यांनी काल काय भाजी केली ते सांगावं तसं सांगितलं. तीन वर्षांचा धम्मदीप दारात डब्यांची झाकणं वाजवत बसला होता.

गंगूबाईंचे यजमान भगवानराव चहासाठी दूध आणायला उठले. ते दिसेनासे झाल्यावर गंगूबाई हळूच म्हणाल्या, "ते मशीन बंद करा, मॅडम."

नूतनने टेप बंद केला. "तुमचं बोलणं माझ्यापाशीच राहील, आजी."

"पुराच्या रात्री बायकांनी तान्ही पोरं टोपात घालून हातोहात वरच्या मजल्यावर चढवली. लाइट गेलेली. सकाळी टोप मिळाला तो आमचाच. आत हा. पण हा आमचा नातू नव्हता."

"मग?"

"लई वाट बघितली. कुणी आलंच नाही. आजपण याची आई दारात आली ना, तर मी काळजावर दगड ठेवून देईन. पण ह्यांना बोलू नका. आपलाच समजून जगतात ते. कळलं तर अंथरूण धरतील."

नूतनने टेप पिशवीत टाकला. "नाही सांगणार," ती म्हणाली.

चहा झाल्यावर भगवानराव तिला रिक्षापर्यंत सोडायला आले. वळणावर थांबून म्हणाले, "हिनं सांगितलं असेल तुम्हाला. मला ठाऊक आहे सगळं. आमचा नातू मला चिखलात गावला. मीच पुरला त्याला."

पुष्कळ महिन्यांनी नूतनला भरून आलं. एका खोलीत राहून दोघं एकमेकांना इतकी जपत होती.

"आजींना सांगून टाका ना, बाबा. दोघांचंही मन हलकं होईल."

"नको, मॅडम." भगवानरावांनी रिक्षाला हात केला. "याची आई जांभूळ गावात राहते. दर पावसाळ्यात शोधत येते, नाक्यावर मलाच विचारते. हिला कळलं तर पोराला देऊन टाकील."