मागच्या खोलीचं छत

“मन लागत नाही म्हणजे काय, बाबा? इथं काय बसस्टँडवर राहताय का?”

समीरचा आवाज चढला. नीलकंठराव दोन्ही हातांनी चहाचा कप धरून बसले होते. चहावर साय धरली तरी कप सुटत नव्हता.

ऑक्टोबरपर्यंत राहायचं ठरलं होतं आणि आता जुलैतच म्हातारा परतीचं तिकीट काढ म्हणत होता. समीरला तेच झोंबलं. आई गेल्यापासून बाबा नगरच्या फ्लॅटमध्ये एकटे. इथं दक्षिण गोलार्धात जुलैत हिवाळा; तो नीट गेला की त्यांना कायमचं इथं परदेशात, रॅनफर्लीला आणायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मागच्या अंगणातला स्लीपआउट, म्हणजे घरापासून सुटी एक खोली, त्याने त्यासाठीच तर तयार केली होती. नवे पत्रे, छताखाली ऊब अडवणाऱ्या काचलोकरीच्या जाड गुलाबी बॅट्स, सगळं स्वतःच्या हातानं. पहाटे उठून स्तोत्रं म्हणायची सवय, पोरीची झोप मोडायला नको, म्हणून वेगळी खोली बाबांनीच मागितली होती.

“आजोबा, टीथ स्टिल स्लीपिंग?” समीरच्या छोट्या सुखदानं विचारलं.

“हो गं. माझ्याहून आळशी आहेत.”

हल्ली हे रोजचंच. बाबा सकाळी कवळी न घालताच यायचे, बिस्किट चहात बुडवून खायचे, आणि ऊन वर आल्यावर खोलीत जाऊन दात घालून यायचे. येताना खोबरेल तेलाची बाटली हातात असायची. ती घर गरम ठेवणाऱ्या हीटपंपासमोर ठेवायची, तेल पातळ झालं की डोक्याला लावायचं. समीरची बायको विनया म्हणायची, बाबांचं तेल आमच्या फार्मसीतल्या औषधांपेक्षा जास्त जपावं लागतं.

समीरला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला फक्त छत दिसत होतं. मोठ्या घराचं छत.

पहिला मोठा बर्फ पडला त्या आठवड्यात हॉलचा कोपरा गळायला लागला होता. पन्हळीत बर्फाचा बांध तयार झालेला आणि कडेला बर्फाचे हे एवढे सुळे लोंबत होते. छतं दुरुस्त करणाऱ्या रूफरला बोलावलं. तो शिडीवर चढला, उतरला, आणि इंग्लिशमध्ये बरंच बोलला. मग मागच्या खोलीकडे बघून थांबला. तिथं पत्र्यावर बर्फ कसा गादीसारखा, एकसारखा बसलेला. कडेला एक सुळा नाही.

“कोणी राहतं का तिथं?” त्यानं विचारलं.

“माझे वडील,” समीर म्हणाला. “ते छत मी केलंय.”

“स्वीट ॲज,” म्हणजे एकदम झकास, असं रूफर म्हणाला, आणि परत एकदा तिकडे बघून गाडीत बसला.

समीरची छाती फुगली. शिडी धरून उभ्या असलेल्या बाबांनी विचारलं, काय म्हणाला तो. समीरला घाई होती, पाय गारठले होते. त्यानं दोन वाक्यांत उरकलं. आतली ऊब वर चढते, पत्र्यावरचा बर्फ वितळतो, पाणी कडेला येऊन परत गोठतं, मग मागचं पाणी पत्र्याखालून घरात शिरतं.

“म्हणजे आतल्या उबेनंच छत जातं,” बाबा म्हणाले.

“तेच तर. उबेला वर जाऊच द्यायचं नाही.”

“आणि माझ्या खोलीचं?”

“त्याला काही झालं तर मी रडेन, बाबा. माझा अख्खा उन्हाळा त्यात गेलाय.”

तो हसत म्हणाला होता. बाबा हसले नव्हते. त्यांनी मान डोलावली आणि शिडी आणखी घट्ट धरली.

पुढचे सगळे शनिवार समीर माळ्यावर पालथा पडून बॅट्स भरत होता. खाली आला की चिडचिड. घर दुरुस्त होत होतं, आणि ज्याच्यासाठी घर, तोच निघाला होता. त्यानं हरप्रकारे विचारून पाहिलं. जेवण आवडत नाही का, विनया काही बोलली का, रात्री भीती वाटते का. बाबांचं एकच, मन लागत नाही. खोली कशी आहे विचारलं की म्हणायचे, उत्तम. फार छान केलीस.

शेवटी तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा स्वयंपाकघरात सुखदाला मांडीवर घेऊन बसले होते. समीरनं गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडलं आणि बॅग आणायला मागं गेला. स्लीपआउटच्या पत्र्यावर तसाच कोरा, जाड बर्फ. त्यानं सवयीनं अभिमानानं वर पाहिलं आणि दार ढकललं.

आत त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

हीटर कोपऱ्यात उभा होता. वायर गुंडाळून सुतळीनं बांधलेली, वर घडी करून पंचा ठेवलेला. पलंगावर दोन रजया, सतरंजी, दोन स्वेटर, कानटोपी. उशाशी पेला. समीरनं तो उचलून तिरका केला. काहीच हललं नाही. पाणी तळापर्यंत गोठलेलं, आणि मधोमध बाबांची कवळी अडकलेली.

मागं पावलं वाजली. नीलकंठरावांनी त्याच्या हातातून पेला घेतला आणि स्वेटरच्या आत, पोटाशी धरला.

“गाडीत बसेपर्यंत दात सुटतील.” मग त्यांनी वर बोट दाखवलं. “छत बघितलंस? एक डाग पडू दिला नाही. चल, मला आता निघायला हवं.”